सूट कुणाला, तपासणी कुणाची

पहिल्या महायुद्धात ब्रिटनने सक्तीची सैन्यभरती सुरू केली तेव्हा ‘मला यातून वगळा’ असे अर्ज लाखोंनी आले. त्यांतले मिडलसेक्स परगण्यातल्या आठ हजारांहून जास्त पुरुषांचे कागद लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात शिल्लक आहेत आणि २०१४ पासून घरबसल्या बघता येतात. एखादा खाटीक लिहितो, मी गेलो तर दुकानाला कुलूप लागेल. एकाचे चार भाऊ युद्धात मेलेत आणि घरात आता तोच उरलाय. चाळता चाळता एक गोष्ट मात्र खटकते. हे कागद लष्कराच्या दप्तरात नाहीत, आरोग्य मंत्रालयाच्या दप्तरात आहेत.

त्याचं कारण कारकुनी आहे, पण मजेशीर आहे. १८७१ साली लंडनमध्ये ‘लोकल गव्हर्नमेंट बोर्ड’ नावाचं खातं निघालं. गटारं, पिण्याचं पाणी, देवीची लस, गरीबगृहं असं सगळं त्याच्याकडे. १८८५ च्या कायद्याने तंबूत आणि घोड्यांनी ओढायच्या गाड्यांत राहणाऱ्यांच्या स्वच्छतेसाठी पोटनियम करायचा अधिकार स्थानिक मंडळांना मिळाला, आणि ती मंडळंही याच खात्याच्या देखरेखीखाली होती. मग जानेवारी १९१६ मध्ये भरतीचा कायदा आला. सूट मागणाऱ्यांचं म्हणणं ऐकायला गावोगावी न्यायाधिकरणं हवी होती. एवढ्या गावांत हात पोचलेलं खातं एकच होतं, गटारांचं. तेव्हा बोर्डाचे अध्यक्ष होते वॉल्टर लाँग. त्यांनी नगरपालिकांना आणि ग्रामीण मंडळांना फर्मान काढलं आणि सुमारे दोन हजार न्यायाधिकरणं उभी राहिली. १९१९ साली बोर्ड आरोग्य मंत्रालयात विलीन झालं आणि कागदही तिकडे गेले.

म्हणजे ज्या खात्याच्या टेबलावर भटक्यांच्या गाड्यांमागच्या घाणीचे अहवाल यायचे, त्याच टेबलावर ‘मला लढायचं नाही’ म्हणणाऱ्यांचे खटलेही आले. मला या योगायोगात गंमत वाटली म्हणून मी वाचत गेलो. वाचत गेलो तशी गंमत कमी होत गेली. कारण एकाच खात्याने दोन प्रकारच्या माणसांना दोन अगदी वेगळ्या रीतींनी वागवलं होतं. ज्याच्याकडून सरकारला काही हवं होतं, त्याचं म्हणणं खात्याने ऐकून घेतलं. ज्याच्याकडून काहीच नको होतं, त्याच्याकडे निरीक्षक धाडला. माझं म्हणणं असं, की हा फरक ब्रिटनमध्ये आजही मिटलेला नाही, आणि आपल्याकडे तर त्याची नीट जाणीवही नाही.

आधी सूट या शब्दाबद्दल. आपल्याकडे सूट म्हटलं की कापडदुकानातला दिवाळीचा सेल डोळ्यांपुढे येतो. घासाघीस करून पदरात पाडून घ्यायची गोष्ट. म्हणून कायद्यातली सूटही आपल्याला मेहेरबानी वाटते, किंवा वशिला. पण सूट मागायची सोय म्हणजे नेमकं काय? सरकारने हुकूम सोडलाय आणि एका माणसाने उभं राहून म्हटलंय, हा हुकूम मला लागू करू नका, माझं कारण असं आहे. त्या क्षणी सरकारला दोन कामं करावी लागतात. कारण ऐकावं लागतं आणि उत्तर द्यावं लागतं. एरवी सरकार ही दोन्ही कामं क्वचितच करतं.

‘कॉन्शन्शस ऑब्जेक्टर’ हा शब्दप्रयोग आज आपण युद्धविरोधकांसाठी वापरतो. सद्सद्विवेकबुद्धीला पटत नाही म्हणून नकार देणारा तो. पण इंग्लंडात तो रुळला देवीच्या लसीमुळे. १८५३ पासून तान्ह्या बाळांना लस टोचणं सक्तीचं होतं आणि टाळाटाळ करणाऱ्या आईबापांना दंड व्हायचा. १८८५ च्या मार्चमध्ये लेस्टर शहरात याविरुद्ध मोठा मोर्चा निघाला. शेवटी १८९८ च्या कायद्यात पळवाट ठेवली गेली. बापाने दोन दंडाधिकाऱ्यांपुढे उभं राहून आपल्या विवेकाला लस अपायकारक वाटते हे पटवून दिलं तर दंड माफ. १९०७ साली ते आणखी सोपं झालं, नुसतं प्रतिज्ञापत्र पुरे. १८९८ नंतर अठरा वर्षांनी सैन्यभरतीच्या कायद्यात विवेकाचं कलम घालायची वेळ आली तेव्हा शब्द तयार होता, रीत तयार होती आणि ती चालवणारं खातंही तेच होतं. लसीच्या बाबतीत त्या आईबापांचं चुकलंच होतं, असं माझं मत आहे. देवी गेली ती लसीमुळेच. पण चुकीचं म्हणणंही कुठेतरी मांडता येतं, हा धडा सरकारने त्यांच्यामुळे गिरवला. सार्वजनिक आरोग्याने युद्धखात्याला दिलेली ही एक भेट म्हणायची.

आता चाकांवर राहणाऱ्यांकडे या. इंग्लंडातल्या जिप्सी आणि जत्रावाल्यांच्या गाड्यांवर देखरेख हवी, असा ध्यास घेतला तो कोलव्हिलच्या जॉर्ज स्मिथने. हा माणूस खलनायक नव्हता. १८३१ सालचा जन्म, लहानपणी वीटभट्टीवर चिखलाचे गोळे वाहिलेला. भट्टीवरच्या पोरांसाठी त्याने झगडून १८७१ साली कायदा करवून घेतला. कालव्यांतल्या होड्यांवर राहणाऱ्या कुटुंबांसाठी १८७७ चा कायदा झाला, त्यामागेही तोच. मग त्याने मोर्चा गाड्यांकडे वळवला. प्रत्येक गाडीची नोंद करा, नंबर द्या, निरीक्षकाला आत शिरायचा हक्क द्या, पोरांना शाळेत घाला. त्याचं विधेयक पार्लमेंटात पुन्हा पुन्हा आलं आणि पुन्हा पुन्हा पडलं. १८९५ साली तो वारला तेव्हाही ते झालं नव्हतं.

ते पडलं याचं एक कारण म्हणजे गाडीवाले एकत्र आले. १८८९ साली त्यांनी आपली संघटना काढली. तीच पुढे जत्रावाल्यांचं ‘शोमेन्स गिल्ड’ झाली. त्यांचं म्हणणं साधं होतं. आमच्या घरात वाटेल तेव्हा शिरायचा हक्क तुम्हाला हवा, मग तुमच्या घरातही कुणी असं शिरतं का? स्मिथच्या विधेयकात या प्रश्नाला उत्तर नव्हतं. त्याने पोरांची कणव केली, पण पोरांच्या आयांना काय वाटतं हे विचारायची सोय त्याच्या मसुद्यात नव्हती. सुधारकांचा हा दोष सगळीकडे सारखाच दिसतो. त्यांना माणसाचं भलं दिसतं, माणूस दिसत नाही.

तरीही देखरेख नकोच, असं मी म्हणणार नाही. तसं वाटायला लागलं तर केंटमधल्या ईस्ट फार्ले गावाची आठवण काढावी. लंडनची गरीब कुटुंबं दर हंगामात बियरसाठी लागणाऱ्या हॉप्सची तोडणी करायला केंटला यायची आणि शेताच्या कडेला पालं-झोपड्यांत राहायची. सप्टेंबर १८४९ मध्ये तिथे पटकी शिरली आणि ४३ तोडणीवाले मेले. गावच्या चर्चमधल्या स्मारकावर त्यांची नोंद आहे ती ‘४३ परके’ अशी. नावं नाहीत, आकडा तेवढा आहे. पाणी कुठलं प्यायचे, बाहेरला कुठे बसायचे, हे बघायला कुणी असतं तर ते जगले असते. देखरेख हवी, यात वाद नाही. वाद आहे तो ती कुणावर आणि कुणाच्या नावाने यावर.

आणि इथे भाषेनेच घात केलेला दिसतो. इंग्लंडात स्वच्छता तपासणाऱ्या अधिकाऱ्याचं हुद्द्याचं नाव होतं ‘इन्स्पेक्टर ऑफ न्यूसन्सेस’. उपद्रव-निरीक्षक! कायद्यातला ‘न्यूसन्स’ खरा तर उकिरडा, तुंबलेलं गटार, डुकरांचा गोठा. पण निरीक्षक गाड्यांच्या तळावर पोचला की उपद्रव म्हणजे तिथली माणसंच, असा अर्थ आपोआप व्हायचा. घर असलेल्याचं गटार तुंबलं तर गटार साफ व्हायचं. गाडीवाल्याच्या गाडीमागे घाण दिसली तर गाडी हलवली जायची. आणि घाण जिथल्या तिथेच.

न्यायाधिकरणांकडे परत जाऊ. तिथे न्याय मिळायचा असं कुणी समजू नये. गावातले दुकानदार, मंडळाचे सभासद, एखादा कामगार प्रतिनिधी असे बसायचे आणि शेजारी लष्कराचा माणूस, जो प्रत्येक अर्जावर हरकत घ्यायला तयार. विवेकाचं कारण देणाऱ्याला ठरलेला प्रश्न यायचा, जर्मन शिपाई तुझ्या बहिणीवर चालून आला तर काय करशील? सूट तीन तऱ्हेची मिळायची: कायमची, सशर्त किंवा काही महिन्यांपुरती. कारणंही ठरलेली: राष्ट्राच्या उपयोगाचं काम, घरची ओढाताण, आजारपण, विवेक. विवेकवाल्यांची संख्या एकूण अर्जांत अगदी थोडी, साऱ्या युद्धात सोळा हजारांच्या आसपास, आणि त्यांना वागवलंही सगळ्यांत वाईट. त्यांतल्या पस्तीस जणांना तर १९१६ मध्ये फ्रान्सला नेऊन हुकूम मोडल्याबद्दल मृत्युदंड सुनावला आणि मग तो दहा वर्षांच्या सक्तमजुरीवर आणला.

एवढं सगळं असूनही १९१६ च्या जूनअखेर जवळपास साडेसात लाख माणसांनी अर्ज केले होते. त्याच काळात फौजेत दाखल झालेल्यांचा आकडा त्याच्याच आगेमागे आहे. हा मला विलक्षण वाटतो. ऐन युद्धात, सॉमची लढाई तोंडावर आलेली असताना, सरकार लाखो माणसांना बसवून विचारतंय की तुझी अडचण काय? अडचण ऐकून पुष्कळदा नाहीच म्हणत होतं. पण ‘नाही’ लिहून देत होतं आणि त्यावर अपील करता येत होतं. वरती परगण्याचं अपील न्यायाधिकरण, त्याच्याही वर वेस्टमिन्स्टरमधलं केंद्रीय. युद्ध संपल्यावर आपण काय काय केलं हे लोकांच्या हाती राहू नये असं सरकारला वाटलं असावं. १९२१ साली आरोग्य मंत्रालयाने हे सगळे कागद नष्ट करायला सांगितले. नमुन्यादाखल मिडलसेक्स आणि स्कॉटलंडातलं लोदियन-पीबल्स एवढंच ठेवलं. पण नष्ट करायला का होईना, कागद होते. गाड्यांच्या तळावरून हाकलल्या गेलेल्या माणसाचा असा एक कागद दाखवा, ज्यावर त्याने स्वतः लिहिलंय की मला इथून का हलवू नये!

दुसऱ्या महायुद्धापर्यंत ही रीत आणखी सुधारली. १९३९ च्या न्यायाधिकरणांवर लष्कराचा माणूस नव्हता, अध्यक्ष जिल्हा न्यायालयाचा न्यायाधीश असायचा आणि नेमणुका करायचं कामगारखातं. सुमारे साठ हजार माणसांनी विवेकाच्या कारणावरून नोंद केली. युद्धानंतर १९४९ पासून शांततेतली सक्तीची भरती चालली, १९६० पर्यंत. तीतही खाणकामगार, व्यापारी जहाजांवरचे खलाशी, शिकाऊ कामगार, विद्यार्थी यांच्या सुटींचे आणि मुदतवाढीचे नियम ठरलेले होते. एवढ्या वर्षांत सरकार या बाबतीत खरोखर काहीतरी शिकलं होतं.

गाड्यांच्या तळांच्या बाबतीत शिकलं का? १९३६ च्या आरोग्य कायद्याने तळांना परवाना लावला. सलग ४२ दिवसांहून जास्त किंवा वर्षात ६० दिवसांहून जास्त जागा वापरली तर परवाना. मग युद्ध आलं, बाँबहल्ल्यांत घरं गेली आणि परत आलेल्या सैनिकांना राहायला जागा नव्हती. १९४६ च्या उन्हाळ्यात लोकांनी ओस पडलेल्या लष्करी छावण्यांत संसार मांडले. शरद ऋतूपर्यंत हजारावर छावण्यांत चाळीस हजारांच्या आसपास माणसं. काल जिथे भरती झालेला शिपाई झोपायचा तिथे आज सुटून आलेला शिपाई बायकापोरांसह घुसला. लोकांनी समित्या नेमल्या, स्वयंपाकाच्या, संडास साफ करायच्या पाळ्या लावल्या. आधी डोळे वटारलेल्या मंडळांनी नंतर मुकाट्याने पाणी जोडलं आणि भाडं घ्यायला सुरुवात केली. गोष्ट जमली, कारण घुसणारे कालचे सैनिक होते आणि त्यांना हुसकावणं वर्तमानपत्रांत बरं दिसलं नसतं. आपल्या कामी आलेल्या माणसाचं सरकार ऐकतं, हे इथेही खरं ठरलं.

जे छावणीत गेले नाहीत त्यांतले बरेच कारवानांत, म्हणजे चाकांवरच्या घरांत गेले. १९५९ साली सर आर्टन विल्सन यांचा अहवाल आला तेव्हा साठ हजार कारवानांत दीड लाख माणसं कायमची राहत होती. अशा तळांवरची संडासाची रोजची सोय म्हणजे ‘एल्सन’ची बादली, तळाशी औषधी पाणी टाकलेली. भरली की दोन्ही हातांनी धरून तळाच्या टोकाच्या खड्ड्यापर्यंत न्यायची, थंडीत चिखल तुडवत, सांडू न देता. अनेक तळांवर दहावीस कुटुंबांत नळ एकच. त्या अहवालातून १९६० चा कारवान-तळांचा कायदा आला. परवाना सक्तीचा झाला. पाणी, संडास, आगीपासून बचाव यांच्या अटी घालायचा अधिकार मंडळांना मिळाला. सरकारी नमुना-निकष सांगत होते, दोन कारवानांत वीस फूट अंतर हवं, एकरी वीसपेक्षा जास्त नकोत.

कायदा चांगला होता. पण तो कुणाशी बोलतो ते बघा. परवाना जागेच्या मालकाला. अट पटली नाही तर दंडाधिकाऱ्याकडे अपील करायचा हक्क मालकाला. अट मोडली तर दंडही मालकालाच, हे ठीक. बादली उचलणारी बाई या कायद्यात कुठेच बोलत नाही. तिच्या वतीने निरीक्षक येतो, तो मालकाला नोटीस देतो, मालकाला खर्च नको असतो, तो तळ बंद करतो आणि तिची गाडी रस्त्यावर येते. तिला तळावरून मनमानीने हुसकावता येऊ नये यासाठीचं संरक्षण १९६८ साली आलं, तेही अपुरं.

याच कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात सुटींची यादी आहे. ती मी तीनदा वाचली. परवान्यातून सूट कुणाला? गिल्डच्या जत्रावाल्यांना, त्यांची संघटना सत्तर वर्षं जुनी होती आणि तिने ती मिळवली. हौशी कारवानवाल्यांच्या क्लबांना. आणि हंगामी शेतमजुरांना आपल्या जमिनीवर उतरवणाऱ्या शेतकऱ्याला! ईस्ट फार्लेच्या ४३ परक्यांनंतर एकशे अकरा वर्षांनी कायदा म्हणत होता, तोडणीवाल्यांचा तळ असेल तर परवाना नको. सूट होती, पण मजुराला नव्हती, मजुरावाचून ज्याचं चालत नाही त्याला होती. भरतीच्या कायद्यात सूट मागणारा आणि तिचा भार वाहणारा माणूस बऱ्याचदा एकच असायचा. इथे मागणारा एक आणि भोगणारा दुसरा. सुटीची चांगली आणि वाईट जात ओळखायला माझ्या मते एवढी एक खूण पुरते.

ज्यांच्यामागे ना संघटना ना मालक, अशा जिप्सींना याच कायद्याने सार्वजनिक माळरानांवरूनही उठवायची मुभा मंडळांना दिली. जानेवारी १९६२ मध्ये केंटमधल्या डॅरेंथ वूडमधून उठवलेली कुटुंबं ए-२ या हमरस्त्याच्या कडेला, धावत्या मालमोटारींना खेटून राहिली. खासदार नॉर्मन डॉड्स त्यांच्यासाठी चाळीसच्या दशकापासून पार्लमेंटात भांडत होते. डॉड्स १९६५ साली गेले. तीन वर्षांनी एरिक लबक यांच्या खाजगी विधेयकातून तो कायदा झाला, ज्याने परगण्यांवर जिप्सींसाठी तळ उभारायचं कर्तव्य टाकलं. कर्तव्य, नुसता अधिकार नव्हे. ते १९९४ साली काढून घेतलं. २०२२ च्या पोलीस कायद्याने परवानगीविना गाडी उभी करून राहणं थेट गुन्ह्याच्या कक्षेत आणलं. त्यातल्या एका तरतुदीवर लंडनच्या उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये मानवी हक्कांशी विसंगत असल्याचा शेरा मारला. या माणसांनाही दोन्ही युद्धांत भरतीचे कागद आले होते. आडरानात उभी असलेली गाडी तेव्हा सरकार शोधू बघायचं. कचऱ्याची गाडी पाठवायची वेळ आली की पत्ता सापडायचा नाही.

यावर कुणी म्हणेल, सुटीचं एवढं कौतुक कशाला? सुटीने माजलेले वर्ग आपण बघतो. खरं आहे. इस्रायलमध्ये १९४८ साली पंतप्रधान बेन-गुरियन यांनी धर्मग्रंथ शिकणाऱ्या चारशेच विद्यार्थ्यांना लष्करातून सूट दिली. तिचा पसारा वाढत पिढ्यान्‌पिढ्यांचा झाला आणि जून २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की अशा सरसकट सुटीला कायद्याचा आधार नाही. पण हे उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तिथे एकेका तरुणाने येऊन आपलं कारण मांडलेलं नाही. त्याच्या जमातीच्या पुढाऱ्यांनी सरकार टिकवण्याच्या बदल्यात घाऊक सूट घेतली. १९६० च्या परिशिष्टासारखंच ते. ज्याची गाठ सत्तेशी, त्याला सूट.

मराठी वाचकाला हा सगळा इतिहास परका वाटू नये, कारण त्याची दुसरी बाजू आपल्याच अंगावर उमटली आहे. ज्या १८७१ साली लंडनमध्ये ते गटारांचं बोर्ड निघालं, त्याच साली हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. एखादी जमात गुन्हेगार असल्याची अधिसूचना निघाली की तिच्या वैधतेवर कुठल्याही न्यायालयाने शंका घ्यायची नाही, असं त्यात लिहिलेलंच होतं. मुंबई इलाख्याला तो १९११ मध्ये लागला. अशा जमातींना ठेवायच्या सोलापूरच्या वसाहतीला, सेटलमेंटला, तारेचं कुंपण होतं आणि हजेरी होती. मला यातून वगळा, माझं कारण असं आहे, हे बोलायची जागाच कायद्याने आधी बुजवून टाकली होती. आणि १८९८ सालीच इंग्लंडातल्या बापाला त्याचा विवेक काय म्हणतो हे विचारलं गेलं. त्याच्या आदल्याच वर्षी पुण्यात रँडच्या हाताखालचे गोरे शिपाई प्लेगचे रोगी शोधायला घराघरात, माजघरात शिरत होते. प्लेग खरा होता, झडतीचं कारणही खोटं नव्हतं. पण आरोग्याचं काम शिपायांना दिलं आणि लोकांना विचारायचं राहिलं. पुढचं चापेकरांचं सगळ्यांना ठाऊक आहे.

हे सगळं गोऱ्यांच्या माथी मारून मोकळं होता येत नाही. माझं गाव सांगली जिल्ह्यातलं, उसाचं. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या यायच्या आणि ओढ्याच्या कडेला कोप्या उभ्या राहायच्या. बांबूची कमान, वर पाचट, फार तर प्लॅस्टिक. त्या बायका कळशा-हंडे घेऊन आमच्या दारात यायच्या. आजी पाणी द्यायची, चहाही द्यायची, कधी लेकराच्या हातावर भाकरी ठेवायची. आमच्या परसात संडास होता. इतक्या वर्षांत तो त्यांना कुणी दाखवला नाही आणि त्यांनी विचारलाही नाही. त्या पहाटे तीनला, उजाडायच्या आधी, उसाच्या सरींतून जाऊन यायच्या आणि मग दिवसभर पाणी कमी प्यायच्या. हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

टोळीत नवराबायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती तोडणीतून फेडायची. एक दिवस कामावर गेलं नाही तर खाडा, खाड्याला दंड. ताप असो, पाळी असो, गरोदरपण असो, खाडा तो खाडाच. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीचे आकडे आले. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. कारणं अनेक असतील, डॉक्टरांचा लोभही त्यात असेल. पण संडास नाही, पाणी नाही, पाळीत दिवसभर तसंच राबायचं, त्यातून दुखणी, आणि सुट्टी मागायला जागा नाही, ही साखळी कुणाच्याही लक्षात यावी. वर मी स्वच्छता आणि सूट असे दोन विषय वेगवेगळे हाताळले. या बायकांच्या शरीरात ते एक होतात. ज्या कामातून चार दिवसांची सूट मागता येत नाही, त्यातून अवयव काढून कायमची सूट घेतली गेली.

उपाय म्हणून आपण पुन्हा तपासणी पथकं नेमतो. पथक येणार म्हणून कळतं, चार फिरते संडास येतात, फोटो निघतात, संडास जातात. हे उपद्रव-निरीक्षकाचंच मराठी रूप आहे. यापेक्षा सोपा आणि जास्त बोचरा मार्ग हाताशी आहे. दर हंगामाआधी प्रत्येक कारखान्याला पुण्याच्या साखर आयुक्तांकडून गाळप परवाना घ्यावा लागतो. शेतकऱ्यांची एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला किमान दर, थकली तर तो अडवला जातो, आणि परवाना अडला की कारखाने पैसे कसे पटापट जमवतात हे आपण पाहिलेलं आहे. त्याच फाइलीत तळांचं एक पान घालावं: किती कोयते, कुठल्या ओढ्याकाठी, किती नळ, किती संडास. त्या पानावर सही कारखान्याच्या अध्यक्षाची हवी आणि खाली टोळीतल्या दोन बायकांचे अंगठे. गाळप सुरू झाल्यावर यातलं काही नसेल तर तक्रारीचा अर्ज त्या बाईचाच चालला पाहिजे, मुकादमाचा नव्हे. आणि खाडा माफ करायला नकार दिला तर का दिला, ते कारण मुकादमाने वहीत लिहावं. आज त्या वहीत तारखेचा रकाना आहे, नावाचा आहे, रकमेचा आहे. कारणाचा नाही.